महासागरातील शिडाची नौका : दिशादर्शन साधनांची निवड आणि जोखमीचे अर्थशास्त्र

१९ ऑगस्ट २००९ रोजी भारतीय नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई' या शिडाच्या नौकेतून मुंबईहून एकटे निघाले आणि १९ मे २०१० रोजी पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करून परतले. शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय होत. त्यानंतर २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी यांनी त्याच नौकेतून कोठेही न थांबता ही प्रदक्षिणा केली. २०१७-१८ मध्ये लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली सहा महिला अधिकाऱ्यांनी 'तारिणी'तून, तर २ ऑक्टोबर २०२४ ते २९ मे २०२५ या काळात लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि रूपा ए. या दोनच अधिकाऱ्यांनी त्याच 'तारिणी'तून जगाला वळसा घातला.

या सफरींतील धैर्याची चर्चा पुष्कळ झाली आहे. तथापि सुमारे सतरा मीटर लांबीच्या नौकेत एक-दोन माणसांनी अनेक महिने चोवीस तास दिशा कशी राखावी, हा प्रश्न धैर्याइतकाच नियोजनाचाही आहे. पैसा, जागा, वीज आणि माणसाची झोप ही चारही साधने मर्यादित असताना कोणती यंत्रे घ्यावीत आणि कोणती टाळावीत, हा अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला परिचित असलेला दुर्मीळ साधनांच्या वाटपाचाच प्रश्न होय. बाजारातील सर्वोत्तम यंत्र कोणते, हे विचारून तो सुटत नाही. एक यंत्र बंद पडल्यास त्याच्याबरोबर आणखी काय काय बंद पडेल, हे विचारल्यास मात्र निवडीची दिशा स्पष्ट होते.

चार कार्ये

नौकेवरील दिशादर्शन साधनांची यादी मोठी असली, तरी त्यांची कार्ये चारच आहेत. पहिले, नौका कोठे आहे हे सांगणे. दुसरे, भोवती काय आहे हे दाखविणे. तिसरे, ठरविलेल्या दिशेवर सुकाणू धरून ठेवणे. चौथे, संकटात बाहेरच्या जगाला हाक देणे. प्रत्येक कार्यासाठी एक मुख्य साधन आणि त्याहून वेगळ्या तत्त्वावर चालणारे एक राखीव साधन असावे, ही निवडीची पायाभूत अट मानता येईल.

स्थाननिश्चिती : एक सार्वजनिक वस्तू

आज स्थाननिश्चितीचा भार प्रामुख्याने उपग्रहांवर आहे. अमेरिकेची जीपीएस प्रणाली १९९५ मध्ये पूर्णपणे कार्यान्वित झाली. नागरी वापरासाठीच्या संकेतांत हेतुपुरस्सर मिसळलेली त्रुटी मे २००० मध्ये काढून टाकण्यात आली. त्यामुळे सुमारे शंभर मीटरपर्यंत असणारी चूक दहा-पंधरा मीटरच्या आत आली. रशियाची ग्लोनास, युरोपची गॅलिलिओ आणि चीनची बैदू या प्रणालीही आता जगभर उपलब्ध आहेत. भारताच्या 'नाविक' मालिकेतील पहिला उपग्रह जुलै २०१३ मध्ये व सातवा एप्रिल २०१६ मध्ये सोडण्यात आला. तिचे मूळ सेवाक्षेत्र भारत आणि भारताच्या सीमेपासून सुमारे १५०० किलोमीटरपर्यंतचे आहे. काही उपग्रहांतील आण्विक घड्याळे निकामी झाल्याने तिच्या सेवेपुढे अडचणीही आल्या आहेत. म्हणून किनाऱ्यालगतच्या नौकेला 'नाविक' उपयुक्त असली, तरी केप हॉर्नला वळसा घालणाऱ्या नौकेला जागतिक प्रणालीचाच आधार घ्यावा लागतो.

अर्थशास्त्राच्या परिभाषेत उपग्रहांचे हे संकेत म्हणजे शुद्ध सार्वजनिक वस्तू होय. एका नौकेने संकेत वापरल्याने दुसरीच्या वाट्याचा संकेत कमी होत नाही, आणि पैसे न देणाऱ्यास वगळताही येत नाही. काही हजार रुपयांचा ग्राहकसंच उपयोगी ठरतो, तो त्यामागे शासनांनी केलेल्या प्रचंड गुंतवणुकीमुळे. परंतु जी वस्तू सर्वांना सारखी मिळते, ती सर्वांसाठी एकाच वेळी बिघडूही शकते. अलीकडील वर्षांत बाल्टिक समुद्र, काळा समुद्र आणि तांबडा समुद्र या भागांत उपग्रह संकेतांत अडथळा आणण्याचे व खोटे संकेत पाठविण्याचे प्रकार वाढले आहेत. मार्च २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक, दूरसंचार आणि सागरी या तीन संघटनांनी याविषयी संयुक्तपणे चिंता व्यक्त केली.

यावरील व्यवहार्य उपाय दोन आहेत. अनेक प्रणालींचे संकेत एकाच वेळी घेणारा संच निवडल्यास एका प्रणालीतील दोषाचा परिणाम मर्यादित राहतो. दुसरा उपाय म्हणजे साधे चुंबकीय होकायंत्र, कागदी नकाशा, ठरावीक वेळाने केलेली स्थाननोंद आणि सूर्य-ताऱ्यांची उंची मोजणारे सेक्स्टंट. या साधनांची अचूकता कमी असते. पण त्यांना ना वीज लागते, ना उपग्रह.

नकाशा : पडद्यावरील विश्वास

स्थान अचूक कळले, तरी त्या स्थानी समुद्रतळ कसा आहे हे नकाशाच सांगतो. नकाशावर नौकेचे स्थान सतत दाखविणारा चार्टप्लॉटर आज बहुतेक नौकांवर असतो. त्याच्या पडद्याचा आकार, उन्हात वाचता येण्याची क्षमता आणि ओल्या हातांनी वापरता येणारी बटणे या बाबी महत्त्वाच्या आहेतच. त्याहून महत्त्वाची बाब म्हणजे नकाशाचे प्रमाण.

२९ नोव्हेंबर २०१४ रोजी केप टाऊनहून अबुधाबीकडे निघालेली 'टीम वेस्टास विंड' ही शर्यतीची नौका मॉरिशसच्या ईशान्येकडील कार्गाडोस काराजोस या प्रवाळ बेटांच्या खडकावर रात्री आदळली. नौकेवरील सर्व नऊ जण बचावले, नौकेचे मात्र मोठे नुकसान झाले. नौकेवर अद्ययावत साधने होती आणि तिचे स्थानही अचूक कळत होते. त्रुटी वेगळ्याच ठिकाणी होती. पडद्यावरील नकाशा लहान प्रमाणात, म्हणजे विस्तृत क्षेत्र एकत्र दाखविण्याच्या स्थितीत पाहिल्यास त्या खडकांचा धोका पुरेसा ठळकपणे दिसत नव्हता. नकाशा मोठा करून पाहिला असता, तर तो दिसला असता. या अपघाताच्या स्वतंत्र चौकशीत इलेक्ट्रॉनिक नकाशांच्या वापरातील उणीव आणि लहान प्रमाणावरील नकाशांत धोके दाखविण्याच्या पद्धतीतील उणीव या दोन्हींवर बोट ठेवण्यात आले.

आणखी एक मर्यादा ध्यानात घेतली पाहिजे. अनेक दूरच्या बेटांचे मूळ सर्वेक्षण उपग्रहपूर्व काळातील आहे. तेथे नौकेचे स्थान नकाशापेक्षा अधिक अचूक असते आणि नकाशावरील बेट प्रत्यक्ष जागेपासून काही अंतर सरकलेले असू शकते. त्यामुळे नव्या चार्टप्लॉटरवर खर्च करताना नकाशांच्या अद्ययावत संचासाठी आणि दुसऱ्या निर्मात्याच्या नकाशांसाठी तरतूद ठेवणे अधिक फलदायी ठरते.

भोवतालची जाणीव

खोल समुद्रात लहान नौकेला मोठा धोका असतो तो मालवाहू जहाजांचा. स्वयंचलित ओळख प्रणाली म्हणजेच एआयएस हे त्यावरील आजचे सर्वांत किफायतशीर साधन होय. आंतरराष्ट्रीय प्रवास करणाऱ्या ३०० टन व त्यावरील स्थूल टनभाराच्या जहाजांवर ती बंधनकारक आहे. जहाजाचे नाव, स्थान, दिशा व वेग यांची माहिती ती व्हीएचएफ लहरींवरून प्रसारित करते. केवळ ग्रहण करणारा संच स्वस्त असतो, पण त्याने नौकेला जहाज दिसते, जहाजाला नौका दिसत नाही. म्हणून प्रसारणही करणारा 'ब' वर्गाचा संच घेणे योग्य. त्याची प्रसारण शक्ती दोन किंवा पाच वॉट असते आणि विजेची गरज अल्प असते.

एआयएस नसलेल्या मासेमारी नौका, वाहून आलेली लाकडे आणि पावसाची वादळी सर यांची चाहूल एआयएसला लागत नाही. यांपैकी मासेमारी नौका व पावसाच्या सरी रडार दाखवू शकते, मात्र त्याची किंमत व विजेचा खर्च दोन्ही अधिक असतात. पाण्यात अर्धवट बुडालेले लाकूड दोन्ही यंत्रांना चुकवू शकते. सागरी टक्कर प्रतिबंधाच्या १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमावलीतील पाचवा नियम डोळे, कान आणि उपलब्ध सर्व साधने वापरून सतत टेहळणी ठेवण्यास सांगतो. यंत्र हे त्या टेहळणीला पूरक आहे, पर्याय नाही.

सुकाणू कोण धरणार?

एकट्या माणसाला चोवीस तास सुकाणू धरता येत नाही. ऑटोपायलटमध्ये दिशा मोजणारा संवेदक, सुधारणेचा हिशेब करणारा संगणक आणि सुकाणू फिरविणारी मोटार किंवा हायड्रॉलिक यंत्रणा असे तीन भाग असतात. यांतील तिसऱ्या भागाची निवड सर्वाधिक चुकते. विक्रेत्याच्या तक्त्यात नौकेचे रिकामे वजन गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात पाणी, इंधन, अन्नसाठा व सुटे भाग भरल्यावर नौका बरीच जड होते, आणि पाठीमागून येणाऱ्या मोठ्या लाटांत सुकाणूवरील ताण अनेक पटींनी वाढतो. म्हणून भरलेल्या नौकेच्या वजनावर हिशेब करून त्यावर पुरेशी राखीव क्षमता असलेली यंत्रणा घ्यावी. डेकवरील उघड्या जागी बसणारे लहान संच किनाऱ्यालगतच्या सफरींना पुरतात. महासागरासाठी डेकखाली थेट सुकाणूच्या दांड्याला जोडलेली यंत्रणा अधिक टिकाऊ ठरते.

याला पर्याय म्हणजे विंड व्हेन, अर्थात वाऱ्याच्या जोरावर चालणारे स्वयं-सुकाणू. नौकेच्या मागील टोकावरील पाते वाऱ्याशी असलेला नौकेचा कोन बदलताच कलते. ती हालचाल पाण्यातील दुसऱ्या पात्याकडे जाते आणि पाण्याच्या प्रवाहाचा जोर सुकाणू वळवितो. वारा व वेग वाढला, की त्याची शक्तीही वाढते. वीज मुळीच लागत नाही. त्याच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. वारा पडल्यावर किंवा इंजिनावर जाताना ते निरुपयोगी ठरते, आणि वाऱ्याची दिशा बदलली तर नौकाही निमूटपणे त्याच्यामागे वळते. ऑटोपायलटची बलस्थाने नेमकी येथेच आहेत. म्हणजे ही दोन साधने परस्परांची स्पर्धक नसून पूरक आहेत.

'गोल्डन ग्लोब' ही शर्यत या संदर्भात उद्बोधक आहे. १९६८-६९ मध्ये रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी मुंबईत बांधलेल्या 'सुहैली'तून एकट्याने, न थांबता पहिली पृथ्वीप्रदक्षिणा केली. त्या काळातील साधनांनिशीच २०१८ मध्ये ही शर्यत पुन्हा सुरू झाली. तीत उपग्रहाधारित दिशादर्शनास व विजेवरील ऑटोपायलटला मनाई असते. विंड व्हेन आणि सेक्स्टंट यांवरच भिस्त असते. २०२२-२३ च्या शर्यतीत टॉमी यांनी मोडलेल्या विंड व्हेनची नौकेवरील उपलब्ध साहित्यातून दुरुस्ती केली आणि एप्रिल २०२३ मध्ये दुसरे स्थान पटकाविले. साध्या यंत्राचा खरा लाभ यात दिसतो. ते मोडत नाही असे नाही. मात्र मोडल्यास समुद्रात, हाताशी असलेल्या वस्तूंनी दुरुस्त होऊ शकते.

विजेचा ताळेबंद

यंत्रांची किंमत एकदाच मोजावी लागते, त्यांच्या विजेची किंमत मात्र दररोज. बारा मीटरच्या आसपासच्या नौकेचा एक उदाहरणादाखल हिशेब मांडता येईल. बारा व्होल्टच्या प्रणालीवर ऑटोपायलट सरासरी ४ अँपिअर वीज घेतो असे धरल्यास चोवीस तासांत ९६ अँपिअर-तास खर्ची पडतात. चार्टप्लॉटरला ३६, सहा तास चालविलेल्या रडारला १८, एआयएस व इतर मापकांना २४, व्हीएचएफ संचाला १२ आणि रात्रीच्या दिव्यांना ६ असे धरले, तर एकूण गरज १९२ अँपिअर-तास होते. ४०० वॉटचे सौर पटल पाच तासांच्या प्रभावी उन्हात आणि सत्तर टक्के कार्यक्षमतेने सुमारे ११७ अँपिअर-तास देईल. म्हणजे रोजची तूट ७५ अँपिअर-तासांची.

ही तूट भरून काढण्याचे मार्ग तीन : अधिक पटले, इंजिन चालविणे किंवा मागणी कमी करणे. पटलांना जागेची व इंजिनाला इंधनाची मर्यादा आहे. विंड व्हेनने दिवसातील अठरा तास सुकाणू धरले, तर ७२ अँपिअर-तासांची बचत होऊन गरज १२० वर येते. खुल्या समुद्रात चार्टप्लॉटरचा पडदा बारा तास बंद ठेवल्यास ती १०२ वर येते आणि तुटीचे रूपांतर १५ अँपिअर-तासांच्या शिलकीत होते. येथे सीमांत उपयोगितेचा नियम प्रत्यक्ष दिसतो. जमिनीपासून हजार सागरी मैलांवर उजळलेल्या पडद्याच्या आणखी एका तासाचा उपयोग नगण्य असतो. किनारा जवळ आल्यावर तोच एक तास अमूल्य ठरतो.

राखीव साधन आणि सामाईक जोखीम

दोन यंत्रे म्हणजे दुप्पट सुरक्षितता, हा समज अपुरा आहे. एका यंत्राच्या बिघाडाची शक्यता सफरीत १० टक्के मानली आणि दोन यंत्रे परस्परांपासून पूर्णतः स्वतंत्र असली, तर दोन्ही बंद पडण्याची शक्यता केवळ १ टक्का उरते. परंतु दोन्ही यंत्रे एकाच बॅटरीवर, एकाच संवेदकावर किंवा एकाच माहितीवाहिनीवर अवलंबून असतील आणि त्या सामाईक भागाच्या बिघाडाची शक्यता ५ टक्के असेल, तर तिसरे-चौथे यंत्र घेऊनही धोका ५ टक्क्यांच्या खाली जात नाही. गुंतवणुकीच्या क्षेत्रात विविधीकरणाने जाणारी आणि न जाणारी जोखीम असा जो भेद केला जातो, तोच येथे लागू पडतो.

आजची सागरी उपकरणे एनएमईए २००० या समान मानकाच्या वाहिनीवर जोडली जातात. त्यामुळे वेगवेगळ्या निर्मात्यांची यंत्रे परस्परांशी बोलू शकतात. पण मुख्य तारेतील एक सदोष जोडणी सर्वांनाच एका वेळी मूक करू शकते. म्हणून ऑटोपायलट इतर यंत्रांविना, स्वतःच्या होकायंत्रावर चालू शकतो का, हा प्रश्न खरेदीपूर्वी विचारला पाहिजे. डोलकाठी कोसळल्यास तिच्या टोकावरील व्हीएचएफचा अँटेना व वातमापक हेही जातात, म्हणून सुटा अँटेना जवळ असावा. वीज कोसळण्याच्या शक्यतेसाठी हातात धरण्याचा, स्वतंत्र बॅटरीचा उपग्रह-स्थान संच वेगळा, धातूच्या बंद डब्यात ठेवण्याची पद्धत आहे.

यंत्रे सुस्थितीत असूनही नौका अडू शकते. एप्रिल २०१८ मध्ये 'तारिणी'ला परतीच्या प्रवासात सुकाणू यंत्रणेतील बिघाडामुळे मॉरिशसला अनियोजित थांबा घ्यावा लागला. सुकाणूच नादुरुस्त असेल, तर सर्वांत महाग ऑटोपायलटही काही करू शकत नाही. आपत्कालीन टिलर आणि सुटे भाग म्हणूनच यादीत आधी यावेत.

हाक आणि तिला मिळणारे उत्तर

२१ सप्टेंबर २०१८ रोजी दक्षिण हिंदी महासागरात, पर्थपासून सुमारे १९०० सागरी मैलांवर, वादळात टॉमी यांची 'थुरिया' उलटली, डोलकाठ्या मोडल्या आणि त्यांच्या पाठीच्या कण्याला गंभीर दुखापत झाली. त्यांना उठताही येत नव्हते. त्या अवस्थेत उपयोगी पडले ते उपग्रहामार्फत चालणारे लहान संदेशयंत्र आणि आपत्कालीन संकेतक. भारतीय नौदलाच्या पी-८आय विमानाने नौका शोधली आणि २४ सप्टेंबर रोजी 'ओसिरिस' या फ्रेंच गस्ती नौकेने त्यांची सुटका केली.

आपत्कालीन संकेतक ४०६ मेगाहर्ट्झवर संकेत पाठवितो. तो कॉस्पास-सार्सॅट या आंतरराष्ट्रीय उपग्रह प्रणालीमार्फत शोध व बचाव केंद्रांपर्यंत पोहोचतो. या प्रणालीचे भारतीय नियंत्रण केंद्र बेंगळुरू येथे आहे. संकेतकाची नोंदणी अद्ययावत असणे अत्यावश्यक आहे, कारण त्याखेरीज संकेत कोणाचा हे बचाव केंद्रास कळत नाही. खरेदीच्या यादीत हे यंत्र पहिल्या क्रमांकावर असावे. त्याचा उपयोग कधी होऊ नये अशीच अपेक्षा असते, आणि विम्याप्रमाणेच हीच त्याची उपयुक्तता होय.

निवडीचा क्रम

या विवेचनावरून मर्यादित अंदाजपत्रकातील अग्रक्रम असा ठरतो. प्रथम नोंदणीकृत आपत्कालीन संकेतक, होकायंत्र, कागदी नकाशे व हातातील स्थान-संच. नंतर प्रसारण करणारा एआयएस आणि व्हीएचएफ. त्यानंतर विंड व्हेन व भरलेल्या नौकेच्या वजनाला पुरेल असा ऑटोपायलट, आणि त्यांना पुरेल इतकी वीजनिर्मिती. मोठे पडदे व रडार यांचा विचार त्यापुढे. बहुतेक प्रदर्शनांत ग्राहकाचे लक्ष नेमके उलट क्रमाने वेधले जाते.

हा विचार हौशी दर्यावर्दींपुरता मर्यादित नाही. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे पंतप्रधानांच्या हस्ते मासेमारी नौकांसाठीच्या दळणवळण व साहाय्य प्रणालीचा राष्ट्रीय स्तरावर प्रारंभ झाला. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेखालील या प्रणालीत तेरा किनारी राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतील एक लाख यांत्रिक व मोटारयुक्त नौकांवर देशी बनावटीचे ट्रान्सपाँडर टप्प्याटप्प्याने बसविण्याचे उद्दिष्ट आहे. दोन्ही बाजूंनी संदेश पाठविण्याची त्यांची क्षमता वादळाच्या पूर्वसूचनेसाठी आणि संकटातील हाकेसाठी मोलाची आहे. परंतु नौकेवरील बॅटरी नीट चार्ज झालेली नसेल, तारेची जोडणी खाऱ्या हवेने गंजली असेल किंवा तांडेलाला यंत्र वापरण्याचा सराव नसेल, तर अनुदानातून मिळालेले यंत्र नेमक्या वादळाच्या रात्री मुके राहील. अशा योजनांचे मूल्यमापन करताना वाटलेल्या यंत्रांच्या संख्येबरोबरच समुद्रात चालू स्थितीत असलेल्या यंत्रांची संख्याही मोजली जाणे म्हणूनच अगत्याचे आहे.